पहिल्या मजल्यावरचं फॉलिंग आऊट

विमलताई आणि हमीदा यांचं कूलरवरून वाजलं, तेव्हा मधुसूदन हरदास मनातल्या मनात खूशच झाले.

नेरच्या बस स्टँडासमोर पहिल्या मजल्यावर बियाणे कंपनीची शाखा. माणसं तीन, कूलर एक आणि महिना मे. खिडकीजवळच्या कूलरचं तोंड विमलताईंनी आपल्या टेबलाकडे वळवलं. हमीदाने ते परत फिरवलं.

"काहून फिरवला वं? मले बीपी आहे!"

"अन् मी काय फ्रिजमदी बसून राह्यली का, ताई?"

दोघींनी एकमेकींकडे पाठ केली आणि अबोला धरला.

अमरावतीच्या मुख्य कार्यालयातून नुकताच आदेश आला होता, की शाखेतली प्रत्येक कुरबूर इंग्रजीतूनच कळवायची. शाखाप्रमुख हरदासांच्या इंग्रजीला बावीस वर्षांत पहिल्यांदाच काम मिळालं. त्यांनी जाडजूड शब्दकोश काढला. 'फाइट' लिहावं तर मारामारी झाल्यासारखं वाटेल. 'ब्रॉल' म्हणजे तर पोलीसच येतील. 'स्क्वॉबल' पोरांना शोभतं. किरकोळ कुरबुरीला 'टिफ' अगदी नेमका शब्द, पण साहेब तो 'टिफिन' वाचतील याची त्यांना खात्री होती. शेवटी त्यांना हवा तसा भारदस्त शब्द सापडला. बारा वाजता ईमेल गेला: कूलरमुळे पहिल्या मजल्यावर, खिडकीजवळ, दोन महिला कर्मचाऱ्यांचं 'फॉलिंग आऊट' झालं आहे, दोघी अजून बोलत नाहीत.

पाच मिनिटांत मुख्य कार्यालयातून श्रेयस साहेबांचा फोन आला.

"हरदास, कशा आहेत दोघी?"

"तशाच आहेत साहेब. मी हाका मारून थकलो."

"डोळे तरी उघडले का?"

"कायचे उघडते जी! एवढं झालं तरी त्याइचे डोळे काही उघडले नाहीत."

"बापरे! मी निघालो. तुम्ही कशाला हात लावू नका!"

हरदास भारावले. कूलरच्या भांडणासाठी साहेब जातीने येणार! आपल्या इंग्रजीत वजन आहे, हे त्यांना त्या दिवशी पटलं.

थोड्याच वेळात खाली ॲम्ब्युलन्स येऊन थांबली. स्ट्रेचर उतरलं, बघ्यांची गर्दी जमली. विमलताई आणि हमीदा एकाच खिडकीत खांद्याला खांदा लावून वाकल्या.

"हमीदा, कोन पडलं वं?"

"दिसून नाही राह्यलं ताई. सरका ना जरा!"

"ओ बाई, मागं व्हा!" खालून ड्रायव्हर ओरडला. "आधीच दोघी पडल्या तिथून!"

खाली कोणीच सापडलं नाही, तशी ॲम्ब्युलन्स रिकामीच परतली. दीड तासाने साहेब धापा टाकत जिना चढले. हातात फळांची पिशवी होती. समोर दोघी बाया चहा पीत बसलेल्या.

"पेशंट कुठे आहेत?"

"कोनते पेशंट, साहेब?"

साहेबांनी फोनवरचा ईमेल हरदासांच्या नाकासमोर धरला. "खिडकीतून पडल्याचं तुम्हीच लिहिलंत! मी चौदा शाखांना कळवलं. संचालकांनी मीटिंग सोडली. खोटी खबर दिलीत हरदास, उद्यापासून घरी बसा!"

हरदासांच्या पायाखालची जमीन सरकली. निवृत्तीला चार वर्षं होती. पण इंग्रजीवर आळ आला, तसा त्यांचा कणा ताठ झाला. त्यांनी शब्दकोश उघडून साहेबांपुढे ठेवला.

"वाचा साहेब. फॉलिंग आऊट म्हणजे बिनसणं. खिडकीतून पडल्याचं लिहाचं असतं, तर मी 'फेल डाऊन' लिहिलं असतं. व्याकरण येते मले."

साहेबांनी वाचलं. मग फोनमध्ये शोधून पाहिलं. तिथेही तेच. त्यांचे कान लाल झाले. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे संचालक होते.

"सर, दोघी... हो, बोलतायत. हो सर, चालतायतही." साहेबांनी फोनवर हात ठेवला. "हरदासजी, आता काय सांगू हो यांना?"

हरदास एवढ्यात 'हरदास'चे 'हरदासजी' झाले होते. त्यांनी शांतपणे फोन घेतला.

"नमस्कार सर. बिनसल्याचं पडल्यासारखं वाचल्या गेलं. मानसं धडधाकट आहेत. कूलर तेवढा कमी आहे."

पलीकडे संचालक असे हसले की ते विमलताईंच्या टेबलापर्यंत ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी नवा कूलर आला. हमीदाने तो आधी विमलताईंकडे वळवला. आठवड्याने अमरावतीहून जाडसर लिफाफा आला. मुख्य कार्यालयाचं प्रत्येक इंग्रजी पत्र यापुढे बाहेर जाण्याआधी नेरच्या हरदासांकडून तपासून घ्यावं, असा आदेश होता. सोबत श्रेयस साहेबांचं पहिलं पत्र.

हरदासांनी चष्मा पुसला, लाल पेनाचं टोपण काढलं आणि हाक मारली, "हमीदा, आज कोनी मले आवाज देऊ नका. अमरावतीचं इंग्रजी सुधरवून राह्यलो."

पहिल्याच ओळीत तीन चुका निघाल्या.