हलू नका, वर्ग चालू आहे

शाश्वत सरांच्या तासाला त्या आठवड्यात तिसऱ्यांदा लाइट गेले, तेव्हा सर 'संसाधनांचा विवेकी वापर' या मुद्द्यावर आले होते. "म्हणजेच," ते म्हणाले, आणि खोलीत मिट्ट काळोख झाला. शेवटच्या बाकावर कुणीतरी भलीमोठी जांभई दिली, आळस द्यायला दोन्ही हात वर नेले, आणि दिवे पुन्हा लागले. "म्हणजेच," सर पुन्हा म्हणाले, पण पुढचं विसरले.

वीज गेली नव्हती. विद्यापीठाची ही नवी इमारत पर्यावरणपूरक होती आणि तिथे खोलीत हालचाल नसली की दिवे आपले आपण विझत. पाच विभागांनी एकत्र बसून हे ठरवलं होतं. वास्तुरचनावाल्यांनी उष्णता आत येऊ नये म्हणून खिडक्याच ठेवल्या नाहीत. इंजिनीअर म्हणाला, दिवे दहा मिनिटांनी विझू देत. पर्यावरणवाल्यांनी ते पाचावर आणलं. शाश्वत सर अर्थशास्त्राचे, त्यांनी खर्चाचा तक्ता मांडून दोनावर आणलं. समाजशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "आधी वापरणाऱ्यांना तरी विचारा!" त्यांनी प्रश्नावलीही काढली, पण ती भरून येईपर्यंत दिवे बसवूनही झाले होते.

हालचाल टिपणारा पांढरा डोळा छताला, मुलांच्या डोक्यावर होता. सरांची हालचाल त्याला दिसत नसे. तशी ती कुणालाच दिसत नसे, कारण सर टेबलाच्या दोन्ही कडा घट्ट धरून शिकवत. 'शाश्वत सर' हे नाव आपण शाश्वत विकास शिकवतो म्हणून पडलं, असा त्यांचा समज होता. एकदा सुरू झालेला तास संपत नाही म्हणून ते पडलं, हे मुलांना ठाऊक होतं.

एरवी हे असंच चाललं असतं. पण सोमवारी तपासणी समिती यायची होती. पाच विभागांनी मिळून शिकवायचा हा अभ्यासक्रम सरांनी जन्माला घातला होता. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, हा तर पाच घरचा. खोली देताना प्रत्येक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवी, आणि श्रेय घेताना पाचही पुढे. समितीला वर्ग पसंत पडला नाही तर अभ्यासक्रम बंद, आणि सरांची रवानगी पुन्हा पहिल्या वर्षाला मागणी-पुरवठा शिकवायला. नुसत्या कल्पनेने त्यांना जेवण जाईना.

"अहो, पानावर बसून विचार कसला करताय?" बायकोने विचारलं. ती शाळेत कवायत शिकवायची. तिच्या तासाला झोपायची कुणाची छाती नव्हती.

सरांनी सगळं सांगितलं.

"मग मुलांना मधूनमधून उठाबशा काढायला लावा."

"अगं, ती पदव्युत्तर मुलं आहेत."

"मग दोरीवरच्या उड्या." तिने त्यांच्या पानात भाजी वाढली. "राग येऊ देऊ नका, पण खरं सांगू का? झोपलेल्या मुलांपुढे दिवा एकटा किती वेळ जागणार?"

सरांना राग आला नाही. वाईट वाटलं. कारण तिचं म्हणणं त्यांना मनातून पटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनीअर आणि समाजशास्त्राच्या मॅडम या दोघांना चहाला बोलावलं. "दोनाचे पुन्हा दहा करता येणार नाहीत का?" त्यांनी इंजिनीअरला काकुळतीने विचारलं.

"येतील की. पाचही विभागप्रमुखांच्या सह्या आणा."

पाच सह्या एका कागदावर आणण्यापेक्षा पाच नद्या एका नळात आणणं सोपं होतं.

"सोडा हो," इंजिनीअर म्हणाला. "मागच्या कपाटावर एक टेबलफॅन ठेवू. त्याला लांब रिबीन बांधू. रिबीन फडफडत राहील, डोळ्याला वाटेल माणसं हलतायत. काम फत्ते."

"म्हणजे वीज वाचवणारा दिवा चालू राहावा म्हणून विजेवर पंखा चालवायचा?" मॅडमनी कप खाली ठेवला. "शोभेल का आपल्याला? माणसांचा प्रश्न माणसांनी सोडवावा. मुलांना नंबर देऊ. दर मिनिटाला एकाने हात वर करायचा. शिस्तीत."

"मुलं विसरतील."

"तुमचा पंखा बंद पडेल."

दोघांचाही एकमेकांवर पुरता अविश्वास असल्यामुळे दोन्ही योजना मंजूर झाल्या. त्या पाच विभागांत आजवर इतक्या झटपट काही मंजूर झालं नव्हतं.

सोमवारी समिती आली. अध्यक्षबाई उंच, चष्म्यावरून बघणाऱ्या, आणि कुठेही गेल्या तरी मागे बसून वर्ग बघण्याची त्यांची सवय. त्या थेट शेवटच्या बाकावर, कपाटाखाली जाऊन बसल्या. सरांनी टेबलाच्या कडा धरल्या. "संसाधनांचा विवेकी वापर," ते म्हणाले. रिबीन जोमाने फडफडली. अध्यक्षबाईंचे कागदही फडफडले, आणि तिसरं वाक्य येईपर्यंत त्यातले दोन उडून पुढच्या बाकाखाली गेले.

"हा पंखा कोणासाठी?" बाईंनी मान वर करून विचारलं. "इथे मागे तर मी एकटीच आहे, आणि मला थंडी वाजतेय. विवेकी वापर म्हणताय ना? बंद करा तो."

पंखा बंद झाला. रिबीन मान टाकून लोंबली. दारात उभ्या असलेल्या मॅडमनी शेजारच्या इंजिनीअरकडे विजयी मुद्रेने पाहिलं आणि मुलांना खूण केली. पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्याने झटकन हात वर केला.

"प्राध्यापक, थांबा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्याला काहीतरी विचारायचंय. विचार, बाळ."

चष्मेवाला उभा राहिला. हात वर करायचं ठरलं होतं, तोंड उघडायचं नव्हतं. "सर," तो म्हणाला, "हे... परीक्षेला आहे का?"

"आहे," सर म्हणाले. चष्मेवाला बसला. लगेच दुसऱ्या बाकावरून हात वर आला.

"हां, तू बोल."

"मॅडम, माझापण तोच प्रश्न आहे."

पुढच्याने तर घाबरून दोन्ही हात वर केले, आणि दरोडेखोर समोर असावा तसे ते वरच ठेवले. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. तेवढ्यात भिंतीकडच्या एका वेणीवालीने हात वर केला.

"तुझा काय प्रश्न?"

मुलगी सरळ स्वभावाची होती. "माझा काही प्रश्न नाही, मॅडम. माझा नंबर आहे."

"कसला नंबर?"

"हात वर करायचा. नाहीतर लाइट जातात."

वर्गात कुणी हसलंसुद्धा नाही. सरांच्या कानशिलांतून गरम वाफा निघाल्या. मॅडम दारातून नाहीशा झाल्या, त्यांच्याआधी इंजिनीअर. अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण उघडलं.

आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. सरांनी टिपणं मिटली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच टेबलाच्या कडा सोडल्या.

"खरंय तिचं," ते म्हणाले. "हे दिवे मीच दोन मिनिटांवर आणलेत. नवीन होते तेव्हाची गोष्ट सांगतो. या इमारतीतली पहिली सभा शोकसभा होती. जुने कुलसचिव वारले होते. सगळे विभागप्रमुख, डीन, झाडून सगळे खालच्या सभागृहात. कुलगुरू म्हणाले, आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू."

पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्याने मान वर केली.

"उभे राहिलो. माना खाली. श्रद्धांजलीच ती, कोण हलणार? दोन मिनिटं व्हायला आली आणि खट्कन काळोख. आता गंमत बघा. दोन मिनिटं संपली की कुलगुरूंनी 'शांती' म्हणायचं. पण काळोखात त्यांना घड्याळच दिसेना! आणि त्यांनी म्हटल्याशिवाय दुसऱ्या कुणी हलायचं कसं? गेलेल्या माणसाचा अपमान. मी उभा, डावीकडे डीन उभे. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं, तेवढाच काय तो आवाज. पाच मिनिटं झाली असतील. दहा झाली असतील. माझ्या नाकावर माशी बसलेली. मी मनात म्हटलं, आता कुणीतरी पहिलं हलेल. पण..."

आणि लाइट गेले.

सर थांबले. जांभईची वाट बघू लागले. जांभई आली नाही. कुणी आळस दिला नाही, कुणाचा नंबर लागला नाही. संपलं, सरांनी मनात म्हटलं. समितीदेखत सगळा वर्ग झोपला. मागणी-पुरवठा.

"अहो, थांबलात का?" काळोखातून अध्यक्षबाईंचा आवाज आला. "पहिलं कोण हललं?"

"नाही, ते लाइट..."

"राहू द्या हो लाइट! ए मुलांनो, कुणी हलू नका रे!"

"नाही हलत, मॅडम," चारी बाजूंनी दबके आवाज आले. "सर, सांगा ना!"

ही मुलं झोपली नव्हती. ऐकत होती.

"कुणीच हललं नाही," ते म्हणाले. "शेवटी वॉचमनला वाटलं सभागृह रिकामं आहे, म्हणून तो कुलूप लावायला आला. दार उघडलं, तशी भक्कन लाइट लागले. त्याच्यासमोर अख्खं विद्यापीठ हात जोडून, माना खाली घालून उभं! बिचाऱ्याने टोपी काढली, तोही हात जोडून उभा राहिला आणि हळूच विचारलं, 'कोण गेलं हो?' आणि कुलगुरू ओरडले, 'ते नंतर, आधी वाजले किती ते सांग!'"

काळोख फुटला. बाकं हलली, कुणी टेबलावर थापा मारल्या, आणि त्या हसण्याने सगळे दिवे एकदम लागले. अध्यक्षबाई डोळे पुसत होत्या.

"आता मला सांगा," सर म्हणाले. ते टेबलापासून बरेच लांब, बाकांच्या मधोमध येऊन उभे होते. "पाच हुशार विभाग. मग चूक कुणाची?"

सात-आठ हात वर आले.

"हे नंबर आहेत का गं?" अध्यक्षबाईंनी वेणीवालीला विचारलं.

"नाही, मॅडम. माझा तर होऊन गेला," ती म्हणाली. तिचाही हात वर होता.

जाताना अध्यक्षबाई सरांना एवढंच म्हणाल्या, "अभ्यासक्रम चालू ठेवा. पंखा काढा."

संध्याकाळी सर घरी आले, तेव्हा बायको दारातच उभी होती. "काय झालं? लाइट गेले का?"

"गेले," सर म्हणाले.

"अरे देवा! समितीसमोर?"

"समितीसमोर." सरांनी पिशवी खुंटीला अडकवली, तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं आणि आपण समोर उभे राहिले. "सगळं सांगतो. पण मी सांगत असताना हलायचं नाही."