मोताळ्याच्या जिनिंगात मीटरच्या पोटातील नोंदी सोडविल्या त्याची हकीकत

आधी वंदन विद्युद्देवीस, जिच्या येण्याजाण्याचा मुहूर्त कोणा पंचांगात नाही. तिच्या लहरीने मोताळे परगणियात जी धामधूम जाहली ती पाहिली, ऐकिली तैसी लिहितो. पदरचा मीठमसाला बेतानेच घातला आहे.

मोताळ्याचे वेशीबाहेर कापसाची जिनिंग, तिचे धनी अखंडितलक्ष्मीअलंकृत राजश्री उत्तमराव. त्यांचे पदरी गठाणी बांधावयाच्या प्रेसची मोटर चालविणार गुलजार मिस्त्री, इमानाचा पक्का आणि कामाचा खासा. ऐन हंगामात शुक्रवारी सायंकाळी मोटरीने गुलजारच्या हाताखाली धूर सोडिला आणि मागोमाग प्राण सोडिला, आणि मग धन्यांचा क्रोध अनावर होऊन फर्मान सुटले की मोटर यानेच जाळली, सबब सोमवारपासून याने फाटकाचे आत पाऊल ठेवू नये. गुलजारास नोकरी जाण्याहून बोल लागल्याचे दुःख अधिक. त्याने अर्ज गुजरला, "मालक, मोटर मी नाही जाळली. मीटरले इचारा."

ऐसियास मीटर म्हणजे भिंतीवरील वीतभर पेटी. वीज कधी पडली, मोटर कधी थांबली, कधी सुरू जाहली, हे वेळेसहित पोटात साठविणारी अखबारनवीसच. परंतु पोट लहान. नवी नोंद आत आली की सर्वांत जुनी बाहेर. आणि मोताळ्याची वीज तर घडीघडी डोळे मिचकावणार. म्हणोन शुक्रवारची हकीकत पुसली जाण्याआधी ती काढणे प्राप्त जाहले, आणि मोहिमेचा विडा कारखान्याच्या इंजिनियर समताबाई यांनी उचलिला.

शनिवारी सकाळी समताबाई लॅपटॉप आणि केबल ऐसा सरंजाम घेऊन पेटीपाशी दाखल जाहल्या आणि केबल लावू जातात तो पेटीचे तोंड बंद. कारण ऐसे की हंगामाचे मुहूर्तास उत्तमरावांनी वजनकाट्याची पूजा केली, आणि ताटात उरलेच आहे म्हणोन मीटरासही ओले हळदकुंकू वाहिले, आणि भाव इतका दाट की केबलीची खाच अक्षतांसहित लिंपून निघाली. समताबाईंनी पुसिले, "मालक, याच्यात कुंकू काऊन भरलं?" धनी बोलिले, "ते बी मशीनच हाय ना." यावर शास्त्रार्थ करावयास वेळ नव्हता.

मग गुलजारने विझल्या उदबत्तीची काडी आणिली, आणि समताबाईंनी तिने एकेक तांदूळ उकरून खाच मोकळी केली, आणि इतक्यात दिवे दोनदा मिचकले, म्हणजे जुन्या दोन नोंदी धारातीर्थी पडल्या, आणि गुलजारचे तोंड उतरले, आणि मग केबल बसली आणि नोंदी लॅपटॉपात उतरू लागल्या. पडद्यावरील निळी पट्टी ऐसी रेंगाळली की धनी वरचेवर विचारीत, "होऊन राह्यलं का?" शेवटी पट्टी भरली.

समताबाईंनी वाचिले ते येणेप्रमाणे: शुक्रवारी दुपारी पावणेदोनास विजेच्या तीन फेजांपैकी एक फेज गेली, मोटर शहाणी, ती आपणहून थांबली, परंतु फेज परतली नसता कोणी हिरवे बटण दाबिले, मोटर थांबली, पुन्हा दाबिले, पुन्हा थांबली, ऐसे लागोपाठ सात हल्ले, आणि त्यातच तिचे अंतःकरण भाजून निघाले. सायंकाळी केवळ शेवटचा श्वास गेला.

दिवस जुम्याचा. त्या वेळी गुलजार मशिदीत नमाजेस, हे अवघ्या गावास ठाऊक. आणि दर शुक्रवारी तेवढा वेळ प्रेसच्या बटणांपाशी कोण बसतो, हेही ठाऊक. पेटीने नाव लिहिले नव्हते. समताबाईंनी घेतले नाही. गुलजार फरशीकडे पाहत राहिला. माणूस मोठ्या मनाचा.

धन्यांनी बहुत वेळ घसा खाकरिला आणि मग दुसरे फर्मान सुटले, "गुलजारभाई, सोमवारी या. अन् तुम्ही नमाजले गेले का प्रेस बंदच राहीन. मी हात नाही लावत."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, मिस्त्रीचा बोल धुवून निघाला. शत्रूकडील कोणी पडले नाही, कारण शत्रू नव्हताच. आपलेकडील एक मोटर पडली, ती खुद्द धन्यांच्या पराक्रमाने. खरे ते लिहून मोर्तब केले.