निकमकाकांचा अर्धा मेसेज

निकमकाका भांडणाची सुरुवात समोरच्याच्या बाजूने करतात. तुम्ही तावातावाने तोंड उघडावं, तर हे हात वर करून म्हणणार, “थांबा. आधी तुमचं मी सांगतो. चुकलं तर टोका.” मग तुमचं म्हणणं अशा काही झोकात मांडतील की तुम्हालाच वाटावं, अरेच्चा, आपण एवढे शहाणे होतो? त्यानंतर ते स्वतःचं सांगतात, पण तोवर तुमचा राग निम्मा उतरलेला असतो.

सातपूरच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं तयार माल तपासायचे. प्रत्येक नग उलटून पाहायची ती सवय निवृत्तीनंतर माणसांवर आली, असं आम्ही समजत होतो. इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत एकाने त्यांच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. काका जाब विचारायला गेले आणि त्या माणसाची अडचण त्यालाच इतक्या कळवळ्याने समजावून आले, की वर्षभर काकांची स्वतःची गाडी रस्त्यावर उभी आहे. “आमच्या भांडणात मला बोलायला काही उरतच नाही,” काकू म्हणतात. “माझं सगळं हेच बोलतात. आणि मेलं माझ्यापेक्षा चांगलं बोलतात!”

दर रविवारी सकाळचं फिरणं झालं की आम्ही आठ-दहा जण मिसळ खायला जातो. गेल्या निवडणुकीपासून आमची टेबलं दोन झाली, एक आमच्या पक्षाचं, एक त्यांच्या. रस्सा एकाच पातेल्यातला, पण एकमेकांकडे बघायचं नाही. काका मात्र एक रविवार इकडे, एक रविवार तिकडे. मत पक्कं आमच्याच पक्षाला.

“तिकडे जाऊन काय मिळतं तुम्हाला?” मी एकदा विचारलं.

“चिडलेला माणूस काय बोलतो ते सोडा हो. तो कशाला भितोय ते बघा.”

मला हे सगळं थोतांड वाटायचं. आपलं खरं असताना दुसऱ्याचं कशाला उगाळत बसायचं?

मग आमच्या रस्त्यावरच्या वडांचा विषय निघाला. रस्ता रुंद करायचा तर सात जुने वड जाणार होते. त्यांचा पक्ष रस्त्याच्या बाजूने, आमचा झाडांच्या. झाडं वाचवणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी चालवतो. एका शुक्रवारी काकांनी लांबलचक मजकूर मला एकट्याला पाठवला. ‘ग्रुपवर टाकण्याआधी नजरेखालून घाला,’ म्हणाले. पहिला अर्धा भाग नेहमीप्रमाणे ‘त्यांचं’: आजारी माणूस दवाखान्यात न्यायचा तर गाडी अडकते, शाळेची पोरं वाहनांतून वाट काढतात, रस्ता मागणाऱ्याला झाडांचा वैरी म्हणू नका. दुसऱ्या भागात, तरीही वड का तोडू नयेत आणि रस्ता कुठून वळवता येईल, हे मुद्देसूद.

तो दुसरा भाग मी वाचला होता. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे चार लोकांना मी वाचला नव्हता म्हणून सांगितलं. त्याआधीच्या रविवारी काकांनी सगळ्यांसमोर माझी बाजू माझ्यापेक्षा छान मांडून मग तिच्यातली चूक दाखवली होती. लोक हसले होते. ते मला लागलं होतं. मी पहिल्या भागाचा तेवढा स्क्रीनशॉट काढला, वर ‘ओळखा आपल्यातला घरभेदी’ असं लिहिलं, सगळीकडे पाठवला आणि काकांना ग्रुपमधून काढून टाकलं. पन्नाशीच्या माणसाने हे करावं!

तिकडच्या पक्षाच्या लोकांनी तर तो स्क्रीनशॉट आनंदाने गावोगाव फिरवला. रविवारी काका मिसळीला आले, तेव्हा आमच्या टेबलावर कोणी सरकून जागा दिली नाही. तिकडच्यांनी हाक मारली, “या या, आता आपलेच तुम्ही!” काका तिकडेही गेले नाहीत. उभ्या-उभ्या चहा घेऊन निघून गेले. पूर्ण मजकूर त्यांच्या फोनमध्ये होता, पण त्यांनी तो कोणालाच दाखवला नाही. मी पावाचे तुकडे करत बसलो होतो.

बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो.

“काका, मी जाणूनबुजून अर्धंच पाठवलं. माफीचा मेसेज लिहून आणलाय. तुमच्या पूर्ण मजकुरासकट आत्ता टाकतो. मला फार लाज वाटते.”

ते चिडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनीही मान खाली घातली.

“आत्ता नका टाकू,” ते म्हणाले. “धाकटा भाऊ सायखेड्याला असतो माझा. त्यांच्या पक्षाचा. आईच्या वर्षश्राद्धाला भर पंगतीत मी त्याला म्हणालो, तू विकला गेलास. भरल्या ताटावरून उठला तो. सहा वर्षं झाली. समोरच्याचं आधी सांगायचं, हे मी त्यानंतर शिकलो. त्याच्याशी बोलताना उपयोगी पडेल म्हणून. पण तो फोनच उचलायचा नाही.”

मी हातातला फोन खाली केला.

“तुमचा तो फोटो त्याच्यापर्यंत गेला. शनिवारी त्याचा फोन आला. म्हणाला, ‘दादा, लय बरं वाटलं. उशिरा का व्हईना, पटलं ना तुला!’ रडत होता हो. आणि पुढे अजून अर्धं आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. मी! जगाला पूर्ण ऐका म्हणून सांगत फिरणारा.”

मी फोन खिशात घातला.

“माफी मागा तुम्ही, जरूर मागा,” काका म्हणाले. “पण सोमवारी. रविवारी तो जेवायला येतोय. हात धुऊन झाले की उरलेलं मीच त्याला सांगणार आहे. जायचं तर जाईल. निदान जेवलेला असेल.”