चौदाव्याला जेवायला येणारे परबकाका

परबकाकांना खरी भूक लागते ती तेराव्यानंतर. म्हणजे दुसऱ्याच्या घरातल्या तेराव्यानंतर. माणूस गेला, दिवस झाले, गोडाचं जेवण उरकून पाहुणे आपापल्या गावी परतले, की चौदाव्या दिवशी दुपारी काका बेल वाजवतात आणि चपला काढता काढता म्हणतात, "भूक लागलीय. काय आहे?"

हे त्यांचं काम आहे, तेही बिनपगारी. डोंबिवलीत आमची एक छोटी संस्था आहे. ज्यांच्यापुढे डॉक्टरांनी हात टेकलेत अशा पेशंटजवळ घरी जाऊन बसणारे, आणि पेशंट गेल्यावर मागे राहिलेल्यांना भेटणारे स्वयंसेवक ती तयार करते. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतची माणसं रविवारी शिकायला येतात. सकाळी डॉक्टर मॅडम शिकवतात. पेशंटची कूस कशी बदलायची, ओठ सुकले तर काय करायचं, "मी आता जाणार का?" असं त्याने विचारलं तर पंख्याकडे बघत का बसायचं नाही. दुपारी परबकाकांचा तास. वेळापत्रकात त्याचं नाव 'शोकग्रस्त कुटुंबाशी संवाद' असं आहे. काका त्याला जेवणाचा तास म्हणतात.

काका दिसायला ठेंगणे आणि गोल. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेन असतं तिथे पाचक गोळ्यांची डबी. मूळचे कुडाळकडचे, पण सारी हयात मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात कँटीन सुपरवायझर म्हणून गेली. तिन्ही पाळ्यांचा भात त्यांच्या अंदाजावर शिजायचा आणि कधी कमी पडला नाही, हे ते नव्या बॅचला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. ऐकणाऱ्यांना वाटतं, आपण चुकून स्वयंपाकाच्या क्लासला आलो. एक बाई तर खरंच उठून बाहेरची पाटी वाचून आल्या होत्या.

"तेरा दिवस घरात काय असतं?" काका विचारतात. कुणी म्हणतं दुःख, कुणी म्हणतं शांतता.

"डबे असतात," काका म्हणतात. "शेजारचे, मावशीचे, ऑफिसवाल्यांचे. फ्रीज उघडला की डबे अंगावर येतात. चौदाव्याला डबे बंद. ती बाई स्वतः कुकर लावते. आणि कितीचा लावते?"

मग ते थांबतात.

"जेवढा रोज लावायची तेवढाच. हात तेवढाच जातो ना तांदळाच्या डब्यात. झाकण काढल्यावर कळतं, एका माणसाचा भात जास्त झालाय. त्या भाताकडे बघत ती एकटी बसू नये, म्हणून आपण जायचं. उपाशी जायचं, आणि तो भात खायचा. बाकी सांत्वन वगैरे तुम्हाला जमलं तर करा, मला जमत नाही."

त्यांचे नियम ठरलेले. डबा घेऊन जायचा नाही, कारण तो घासून परत करायचं काम तिच्याच गळ्यात पडतं. 'काही लागलं तर सांगा' हे वाक्य उच्चारायचं नाही. "लागलं तर सांगा म्हणजे सांगू नका," काका म्हणतात. जेवण छान झालंय असंही म्हणायचं नाही, तेरा दिवस सगळे तिच्याशी छानच बोललेले असतात. आणि जेवताना मध्येच मीठ मागायचं. मीठ कमी असो वा नसो. मीठ आणायला माणूस आत जातो आणि आत त्याला थोडा वेळ मिळतो. त्याला यायला उशीर झाला तर हाक मारायची नाही, गार झालं तरी हात आखडून बसून राहायचं.

शेवटचा नियम ते उभे राहून सांगतात. "चौदाव्याला एकदा. महिन्याने एकदा. बस. त्यानंतर भूक लागली तर ती आपली भूक, त्यांची नाही. आपल्या भुकेला आपल्या घरी जायचं."

एकदा ठाण्याहून एक गृहस्थ आले होते, कसलंसं काटेकोर डाएट करणारे. ते म्हणाले, "सर, मी राइस खात नाही. सॅलड चालेल का?"

"चालेल," काका म्हणाले. "तुम्ही पेशंटकडे जा. तिथे कुणी जेवत नाही."

कल्याणच्या एका काकूंचे आठवड्यात तीन उपास. त्यांनी काय करायचं? काकांनी गंभीरपणे विचार करून सांगितलं, "खिचडी करायला लावा. शेंगा भाजून सोलायला बसा दोघी. वेळ जातो." त्या काकू आता आमच्या सगळ्यात चांगल्या स्वयंसेविका आहेत आणि त्यांचं वजन वाढलंय.

माझी आणि काकांची ओळख वर्गात झाली नाही. मी आणि आई, आम्ही दोघीच राहायचो. आई गेली त्यानंतरच्या चौदाव्या दिवशी हे अनोळखी गोल गृहस्थ माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, भूक लागलीय. आईजवळ येऊन बसायच्या त्या संस्थेतल्या बाईंनी पाठवलं म्हणाले. मला इतका राग आला की मी मुकाट्याने ताट वाढलं. आमटीभात कालवून त्यांनी दोन घास खाल्ले आणि मान वर न करता म्हणाले, "मीठ आणा."

तेरा दिवस माझ्याशी सगळे खालच्या आवाजात बोलत होते. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणारी एकच व्यक्ती होती आणि तिचा फोटो हॉलमध्ये लावलेला होता. मी मिठाची बरणी काढायला आत गेले आणि ओट्याला धरून, आई गेल्यापासून पहिल्यांदा, भरपूर रडले. बाहेर आले तेव्हा काका तसेच बसले होते, उष्टा हात ताटावर धरून. मग त्यांनी आईच्या वाटणीचा सगळा भात संपवला. नंतर मी आमटी चाखली. मीठ बरोबर होतं.

महिन्याने ते पुन्हा आले, पोळीभाजी खाल्ली, आणि नंतर आले नाहीत. मीच वर्गाला गेले. आता कल्याणच्या शाळेतली क्लार्कची नोकरी सांभाळून मी स्वयंसेवकांच्या भेटी लावते. कोण कुणाकडे कधी जाणार, हे माझ्याकडे असतं. म्हणून गेल्या महिन्यातला तो फोन मलाच आला.

ठाण्याहून एक मुलगा बोलत होता. त्याचे वडील गेले होते, आई एकटी राहत होती. आवाज चढवला नाही त्याने. "तुमचे परब म्हणून आहेत ते चौदाव्याला आले, तेव्हा आईला बरं वाटलं. महिन्याने आले, ठीक आहे. पण आता दर गुरुवारी येतात. आई गुडघेदुखीची आहे, ओट्यापाशी तिला उभं राहवत नाही. ती नाही म्हणणार नाही कुणाला. तुम्ही सांगा त्यांना."

मी आधी विश्वासच ठेवला नाही. मग त्या बाईंनाच फोन केला. त्या म्हणाल्या, "येतात, जेवतात, जातात. बिचारे बोलत पण नाहीत." थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझे गुडघे खरंच दुखतात हो."

कमिटीची बैठक बसली. काकांनी वर्ग घ्यावेत, पण घरोघरी जाणं बंद करावं, असं ठरलं. डॉक्टर मॅडमनाही वाईट वाटलं, पण त्या मुलाचं चूक काय होतं? हे काकांना फोनवर सांगायचं नाही, कुणीतरी जाऊन सांगायचं, असंही ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की काकांच्या घरी आमच्यापैकी कुणीच कधी गेलं नव्हतं. इतक्या घरांत जेवलेल्या माणसाच्या घरात आम्ही पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो.

काका टिटवाळ्याला राहतात, एका नव्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर. रविवारी वर्ग नव्हता, मी दुपारी गेले. त्यांनी दार उघडलं तेव्हा मागे कुकरची शिट्टी झाली.

"तू होय," ते म्हणाले. "निरोप घेऊन इलंस ना?"

मी निरोप सांगितला. ठरवून गेले होते तशी गोड वाक्यं काही जमली नाहीत. काकांनी ऐकून घेतलं. पाचक गोळ्यांची डबी खिशातून काढून टेबलावर ठेवली.

"बरोबर आहे त्या मुलाचं," ते म्हणाले. "मीच शिकवतो ना, दोनदा जायचं. तिसऱ्यांदा बेल वाजवताना मला माहीत होतं."

"मग गेलात कशाला काका?"

त्यांनी डबी उघडली, पुन्हा बंद केली. मग म्हणाले, "त्या बाईंची सोलकढी आमच्या हिच्यासारखी होते. डिट्टो. लसूण थोडा जास्तच. महिन्याने गेलेलो तेव्हा वाटीभर दिली त्यांनी, मी आपला प्यायलो, आणि..." पुढचं त्यांनी हाताने झटकून टाकलं.

काकांच्या तोंडून काकूंचा विषय मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या लॉकडाऊनमध्ये गेल्या, घरीच, झोपेत. बिल्डिंगच्या गेटला दोरी बांधलेली होती. मुलगी बंगळूरला अडकलेली. अजून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते, जेवलात का विचारते, काका जेवलो म्हणतात.

"लोक चांगले होते गो," काका म्हणाले. "रोज कुणीतरी दाराच्या कडीला डबा अडकवून जायचं. बेल वाजवायचे आणि मी दार उघडेपर्यंत जिन्यात पळायचे. भीती होती ना तेव्हा. मी डबे घासून परत कडीला लावायचो. आत कुणी आलं नाही. तेरावं पण नाही झालं. मग चौदावा कुठला यायला."

आत कुकरची आणखी एक शिट्टी झाली. काका उठून गॅस बंद करायला गेले. मी त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर दोनच भांडी, एक ताट, एक वाटी. कुकर मात्र मोठा होता.

"कुणी येणार आहे का जेवायला?"

"कोण येणार? तो एवढाच होतो." कुकरकडे बघत ते म्हणाले, "अख्ख्या कारखान्याचा भात लावला मी. एकाचा काय जमला नाही अजून. उरतो तो रात्री खातो. रोज ठरवतो, उद्या मूठ कमी टाकायची."

मी घरून नाश्ता करून निघाले होते, वाटेत कल्याणला वडापाव खाल्ला होता. उपाशी जायचा नियम मी मोडलाच होता. तरी मी बाहेर आले, जमिनीवर मांडी घातली आणि आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "काका, भूक लागलीय. काय आहे?"

आतून भांड्यांचा आवाज आला. काका दुसरं ताट शोधत होते, ते वरच्या फळीवर असावं, कारण स्टूल सरकवल्याचं ऐकू आलं. ताट पुसून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. कँटीनवाल्याच्या शिस्तीत आधी ताटाच्या वरच्या कडेला चिमूटभर मीठ वाढलं, मग लिंबाची फोड, मग भात, वर आमटी. स्वतःचं ताट घेऊन समोर बसले. आमटीला खोबऱ्याचं वाटण होतं आणि ती अप्रतिम झाली होती. मी तसं म्हणाले नाही.

"वाईच अजून घे," काका म्हणाले. मी घेतला. पोटात जागा नव्हती, पण भात जायला हवा होता.

दोन-चार घास झाल्यावर मी मान वर न करता म्हटलं, "काका, मीठ आणा."

त्यांचा हात थांबला. माझ्या ताटात त्यांनी स्वतः वाढलेलं मीठ तसंच होतं. त्यांनी ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले.

बराच वेळ झाला. नळ चालू झाल्याचा आवाज आला आणि तो चालूच राहिला. मी हाक मारली नाही. उष्टा हात ताटावर धरून, आमटी गार होईपर्यंत मी बसून राहिले.