मानाची वर्गणी

संगीत सर्वांसाठी एकच असते, पण ते ऐकणारे सगळे सारखे नसतात. आणि जिथे ऐकणारे सारखे नसतात तिथे दर सारखा ठेवणे हा संगीताचा अपमान आहे. ही गोष्ट शास्त्रकारांच्या ध्यानात आली नाही. दरबारांच्या आली, आणि बऱ्याच काळाने मोबाइलवाल्यांच्या आली.

माळव्यातल्या देवास गावाला हे समजावून सांगावे लागत नाही. या एका गावात एकेकाळी दोन गाद्या नांदत होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. संस्थाने विलीन होऊन पाऊणशे वर्षे झाली, तरी टेकडीखालच्या जुन्या मराठी घरांत पाती अजून विचारली जाते (लग्न जमवताना पत्रिकेनंतर, भांडताना पत्रिकेच्या आधी). कृष्णराव पोतनीस धाकट्या पातीचे, वीज मंडळातून निवृत्त. त्यांच्या पणजोबांना दरबारी मैफलीत तिसऱ्या बैठकीचा मान होता. गवई सगळ्यांना एकच ख्याल ऐकवी. पण बिदागी पहिल्या बैठकीने घसघशीत द्यायची, दुसरीने बेताची, तिसरीने जेमतेम, आणि खांबाला टेकून उभे असलेल्यांनी नुसती मान डोलवायची. जास्त द्यायला मिळणे हाच मान. पोतनिसांच्या घराण्याची जुनी खंत एवढीच, की त्यांच्याकडे कधी कुणी जास्त मागितलेच नाही.

मागणारे अखेर भेटले. धारला दिलेली मुलगी मधुवंती हिने वडिलांच्या सत्तरीला एक महागडा फोन आणला. हा फोन टेबलावर पालथा ठेवायचा असतो, कारण त्याची किंमत पाठीवरून कळते. कृष्णरावांनी त्यावर पहिल्याप्रथम 'स्वरकुंभ' हे गाण्यांचे ॲप घेतले आणि मानाला साजेसे नवे कोरे खाते उघडले. जुन्या साध्या फोनवर याच ॲपची वर्गणी महिन्याला नव्याण्णव रुपये होती. इथे एकशे एकोणचाळीस दिसली. त्यांनी ग्राहक सेवेला फोन लावला.

"सर, आपका डिवाइस अपग्रेड हुआ है, तो प्लान भी अपग्रेड है," पलीकडची मुलगी म्हणाली.

"गाना बदलेगा क्या?"

"नहीं सर, गाना वही रहेगा."

"आवाज?"

"वही, सर."

"तो ये चालीस रुपये किस बात के?"

"सर, आप हमारे प्रीमियम कस्टमर हैं."

कृष्णरावांनी पुढे विचारले नाही. खरे कारण असे, की त्या फोनवरून पैसे भरले की फोनवाली कंपनी मधल्यामध्ये आपला वाटा काढून घेते, आणि गाण्यावाली कंपनी तो वाटा ग्राहकाच्या माथी मारते (करारात 'माथी मारणे' असा शब्द नाही; तिथे 'उच्च अनुभव' म्हटले आहे). पण हे सांगणे मुलीच्या कामात बसत नव्हते आणि ऐकणे कृष्णरावांच्या तब्येतीला मानवले नसते. त्यांना उमगले ते वेगळेच. दूर कुठेतरी बसलेल्या कुणीतरी पोतनिसांना ओळखले होते आणि पहिल्या बैठकीवर बोलावले होते. पणजोबांच्या वतीने ते भरून पावले आणि त्यांनी पैसे भरले.

मान कुणाला सांगितला नाही तर तो मान राहत नाही, नुसता खर्च होतो. म्हणून त्याच संध्याकाळी ते रस्ता ओलांडून रघुजींकडे गेले. रघुजी थोरल्या पातीचे. सोनकच्छच्या मंडीत त्यांची आडत आहे.

"भिया, गाणं तर तेच ना?" रघुजींनी विचारले.

"तेच."

"मग जास्त कायको देऊन राहिले?"

"मागतात हो," कृष्णराव नम्रपणे म्हणाले. "तुमच्याकडे नाही मागत?"

रघुजींचा चहा अर्धा राहिला. धाकटी पाती जास्त देते आणि थोरली कमी, असे आजवर घडले नव्हते. आठवड्याच्या आत त्यांनी तसलाच फोन हप्त्यांवर घेतला आणि वाढीव वर्गणी भरून तिचा मेसेज कृष्णरावांना पाठवला, खाली हात जोडल्याचे चित्र टाकून. मग ही सुधारणा गावात झपाट्याने पसरली. महाराष्ट्र समाजाच्या सभासदांची पाहणी केली असता (पाहणी कृष्णरावांनीच केली, समाजाच्या ओट्यावर बसून) असे आढळले, की निम्म्यांनी फोन बदलला, पाव जणांनी दिवाळीला बदलतो म्हटले, आणि उरलेल्या पाव जणांना आपल्याला मुळात गाण्याची आवडच नाही, हे प्रथमच कळले.

या सर्वांगीण प्रगतीत एक त्रुटी राहिली. ती म्हणजे विनोदिनीबाई, कृष्णरावांची पत्नी.

विनोदिनीबाईंचे माहेर डहीचे. वडील तिथल्या शाळेत मास्तर, आणि घरात एक रेडिओ. त्या रेडिओवर ऐकलेली गाणी त्यांनी दोघांच्या जुन्या फोनमध्ये एकेक करून जमवली होती. पुष्कळ गाण्यांचे शब्दही आठवत नव्हते. भाजी निवडता निवडता फोनसमोर गुणगुणून, कधी फोनला समजावून, कधी त्याच्यावर रागावून ती शोधलेली. अशी तीन वर्षांची ती यादी जुन्या खात्यात राहिली, आणि जुना फोन कपाटात कुलपात गेला (पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून). नव्या खात्याने विनोदिनीबाईंना 'खास तुमच्यासाठी' म्हणून वरातीतली गाणी ऐकवली. स्वयंपाकघर गप्प झाले. त्या चिडल्या असत्या तर कृष्णरावांनी निभावून नेले असते, तेवढा सराव होता. पण त्या चिडल्या नाहीत.

"अहो, मान तुमच्यापाशी राहू द्या," एवढेच त्या म्हणाल्या. "माझी गाणी तेवढी मला द्या."

कृष्णरावांना मनापासून वाईट वाटले. बायकोने त्यांच्याकडे फारसे कधी काही मागितले नव्हते, आणि जे मागितले ते त्यांनी बहुधा दिले नव्हते. त्यांनी धारला फोन लावला.

"अप्पा, अगदी सोपं आहे," मधुवंती म्हणाली. "जुन्या फोनवरून जुन्याच खात्याचे नव्याण्णव भरा. मग नव्या फोनवर तेच खातं उघडा. आईची सगळी गाणी येऊन जातील."

"म्हणजे या फोनवर गाणी नव्याण्णवात?"

"हो. आणि ते महागवालं बंद करून टाका. आम्ही पण असंच करतो ना. दोन मिनिटांचं काम आहे."

कृष्णरावांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. एकीकडे विनोदिनीबाईंचे डही, दुसरीकडे रस्त्यापलीकडचे रघुजी. नव्याण्णव भरले तर पहिल्या बैठकीवरून उठून थेट खांबाशी जाऊन उभे राहायचे. न भरले तर आयुष्यभर गप्प स्वयंपाकघरातले जेवायचे. अशा पेचात सामान्य माणूस दोहोंपैकी एक निवडतो. कृष्णरावांनी दोन्ही निवडले. जुन्या खात्यात त्यांनी नव्याण्णव भरले, आणि दुपारी फोडणीच्या आवाजात मिसळून डहीच्या रेडिओवरचे एक गाणे घरात आले. विनोदिनीबाईंनी पदराने डोळे पुसले (कांद्याला दोष दिला, पण भाजी दोडक्याची होती). एकशे एकोणचाळीसचे खातेही चालू राहिले. त्यावर एकही गाणे वाजत नाही. ते ऐकण्यासाठी नाहीच, फक्त देण्यासाठी आहे. आणि रघुजींनी विचारले तर पैसे भरल्याचा मेसेज कृष्णराव खोटे न बोलता दाखवू शकतात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रघुजींच्या भवानीबाई वाण देता देता विनोदिनीबाईंच्या कानाशी आल्या. "आमच्याकडे पण दोन खाती आहेत बरं का," त्या म्हणाल्या. "ह्यांना वाटतं मला काही कळत नाही. वाटू दे."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता ऐकण्याचे वेगळे आणि मानाचे वेगळे, असे पैसे रीतसर भरले जातात. कंपनीही कृतज्ञ आहे. जो पैसे भरतो आणि काहीच वाजवत नाही, त्याच्यापेक्षा गुणी ग्राहक कोणत्याही धंद्याला मिळत नाही. तिने अलीकडेच कृष्णरावांना 'निष्ठावान श्रोता' म्हणून अभिनंदनाचा संदेश पाठवला.

वाचकांनी इथे हसायला हरकत नाही. कृष्णराव मनाला लावून घेत नाहीत. हसून झाले की आपापल्या फोनमध्ये चालू वर्गण्यांचे पान तेवढे उघडून पाहावे. त्यात एक नाव असे सापडेल, की ते आपण शेवटचे कधी उघडले हे काही केल्या आठवणार नाही, आणि पैसे मात्र दरमहा न चुकता जात आहेत. ते बंद करायला दोनच मिनिटे लागतात, आणि ती दोन मिनिटे आपल्याला आजही मिळणार नाहीत. कृष्णरावांना निदान आपण कशाचे पैसे देतो ते ठाऊक आहे.