हवा मारायची न्हाई, राव!

आमचे साडूभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्चीवर चढतात. पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवतात, ते उजेडात धरून बघतात आणि मग खाली उतरून रामराम घालतात. बेल्ह्याच्या एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाच्या आधी हॉलचा पंखा पाहून घेतला.

दत्ताभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या, शोभाच्या, थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. केमिकल इंजिनिअर. दूध पावडरीच्या कारखान्यात स्फोट होऊ नये म्हणून जन्मभर राबले आणि निवृत्त होऊन राजुरीला परतले. माझी तिथंच पशुखाद्याची गिरणी. सासूबाई माझ्यासमोरच म्हणतात, "जावई असावा तर दत्तासारखा." मी खाली मान घालून भाकरी मोडतो. जळतो, हे कबूल करतो. अशा सज्जन माणसावर जळतो याची लाजही वाटते, पण लाजेनं जळणं काही थांबत नाही.

संध्याकाळी गिरणीत कॉम्प्रेसरनं हवा मारायची आमची पद्धत. आधी मशीन, मग तुळया, शेवटी गड्यांचे कपडे. सगळं लख्ख. भाऊंनी ते पाहिलं आणि ओरडलेच, "हवा मारायची न्हाई, राव! ढग करताय तुमी!"

"आमच्या वडिलांनी जन्मभर हवाच मारली."

"नशीब चांगलं व्हतं त्यांचं. पिठाचा ढीग नुसता धुमसतो. तेच पीठ बंद खोलीत उडालं अन् ठिणगी भेटली, तर तुमचे पत्रे माळावर सापडतील."

दुसऱ्या दिवसापासून गडी मऊ झाडूनं झाडू लागले. पगार माझा, हुकूम त्यांचा. चहासुद्धा आधी त्यांना.

परवा, बेल्ह्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी, दळलेल्या मालाची टाकी फाटली. वेल्डर आला, दारात टेम्पो उभे. भाऊंनी वेल्डरला बाहेर बसवलं. मशीन बंद, टाकी रिकामी, तुळयांपर्यंत झाडलोट, वर ओलं फडकं. एक टेम्पो माल न घेताच निघून गेला, तेव्हा माझा तोल सुटला.

"गिरणी माझी आहे का तुमची?"

"तुमचीच. म्हणून तर पुसतोय."

अखेर वेल्डिंग झालं. वेल्डर गेला, गडी गेले. भाऊ मात्र पाण्याची बादली घेऊन टाकीसमोर बसले.

"आता काय राहिलं?"

"तासभर बसायचं. कुठं सांदीत ठिणगी धुमसत असंल तर कळंल. तुमी जा घरी. शोभा जेवायची थांबली असंल."

"आणि तुम्ही?"

"मला कसली घाई? अक्का गेल्यापास्नं घरी कुलूपच असतंय. हितं बसलो काय अन् तिथं बसलो काय."

हे बोलतानाही त्यांची नजर टाकीच्या सांध्यावरून हलली नाही. मी शोभाला फोन लावला. डबा गिरणीतच पाठव म्हणालो, दोघांचा.

"दाजी हायेत व्हय? मग थांबा, मासवडी करते. वेळ लागंल हं."

माझ्यासाठी आयत्या वेळी मासवडी कधी झालेली मला आठवत नाही.

"लागू दे," मी म्हणालो, "रस्सा जरा जास्त पाठव. त्यांना लागतो."

आणि एक पोतं ओढून त्यांच्या शेजारी बसलो.