रजेवर नजर

गोंदिया जिल्ह्यातील तमाम शिक्षक-शिक्षिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या माडीवर राहणाऱ्या हेमलताने तुमच्या तब्येतीची चौकशी केल्यास घाबरून जाऊ नये. पोरगी मनाने वाईट नाही. तिला फक्त तुमची रजा हवी आहे.

हेमलता सौंदडची. डी.एड. झाली, शिक्षक पात्रता परीक्षाही पास झाली, पण जागा काही निघेना. मग कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं की खाजगी शाळेतला मास्तर लांब रजेवर गेला, की त्याच्या जागी ऐनवेळी बोलावणं येतं. जो आधी पोचला, तो लागला. तेव्हापासून ती पोचायच्या तयारीत आहे. दोन वर्षं अशी गेल्यावर वडिलांनी यंदाच्या दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. जमलं तर ठीक, नाहीतर गावी परत. परत म्हणजे लग्न, हे ते बोलले नव्हते. पण तिला ऐकू आलं होतं.

"फोन कवाही येते, काका," हे तिचं पालुपद. त्यापायी ती आंघोळीला गेली की आमची ही बाहेर फोन धरून बसायची. लग्नाच्या पंगतीतही प्रमाणपत्रांची फाईल मांडीवर. एकदा कर्जवाल्या कंपनीचा फोन आला, तर हेमलता उभी राहून म्हणाली, "जी सर, चौथी तक सब विषय पढ़ाती, अभी निकलती." पलीकडच्या माणसानेच घाबरून फोन ठेवला.

आमच्या गल्लीतले एक गुरुजी जरा खोकले, तर हिने विचारलं, "सर, खोकला जुना हाये का नवा?" ते आता पलीकडच्या गल्लीने जातात. बाजारात एका शिक्षिकेने चिंचा घेतल्या, तर हिने घरी येऊन बोटांवर महिने मोजले.

"अगं, त्या पुढच्या वर्षी रिटायर होतात," मी म्हटलं.

"मंग तेही जागा ध्यानात ठेवते," ती म्हणाली.

भाद्रपदात एका सोमवारी खरोखर फोन आला. नागऱ्याच्या पुढची शाळा. तिसरीच्या मॅडम गाडीवरून घसरल्या, पाय मोडला, तासाभरात या. हेमलताचं ताट तसंच राहिलं. मी स्कूटर काढली. वाटभर ती मागे बसून गुणाकारापासून जलचक्रापर्यंत सगळं पुटपुटत होती. एका गतिरोधकावर तिचे पाढेही चुकले.

हेडमास्तरांनी तिला वर्गावर घेतलं, आणि संध्याकाळी सांगितलं, "त्या मॅडमही कायम नाहीत. दिवाळीनंतर हजर झाल्या नाहीत, तर जागा तुमचीच."

तेव्हापासून तिचं जेवण तुटलं. वाटलं, पोरगी आता हाडं जुळण्याचे दिवस मोजते आहे. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "काका, दवाखान्यात नेता का? त्या मॅडमला भेटाचं हाये."

मी मनात हसलो. म्हटलं, प्लॅस्टर किती जाड आहे, ते पाहायला निघाली. रस्त्यात चिडवलंही, "डॉक्टरलाच विचार, सहा महिने तरी लागतील का म्हणून." ती मागे बसून नुसते ओठ हलवत होती. "काय पुटपुटतेस?" मी विचारलं. तर म्हणाली, "काय बोलाचं ते आठवून राहिली."

मॅडम खिडकीपाशी पडल्या होत्या. पाय वर टांगलेला. माझ्या वयाची बाई असावी. हेमलताने नाव सांगितलं, त्यांच्याच शाळेतून आल्याचं सांगितलं, तशा त्या कोपरावर उठायला लागल्या. उठता येईना. चेहरा पार उतरला. इकडची तिकडची विचारपूस नाही, काही नाही, सरळ म्हणाल्या, "म्हणजे माझी जागा भरली का हो?"

हेमलताने वाटेत काय काय जुळवून आणलं होतं कोण जाणे. त्यातलं एक अक्षर तिला आठवलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षं जिची वाट पाहिली ती जागा तिच्या हातात होती, आणि तिचे हात मॅडमची घसरलेली चादर नीट करत होते.

"कायची भरली, मॅडम?" ती एकदम बोलून गेली. "मी तं फक्त तुमची खुर्ची पुसून ठेवून राहिली."